रोजच्या माराचा चाकू

चाकू विकत घेण्याआधी तो कानाला लावून ऐकणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. किन्हीराजाचे उकंडकाका. बाजारात चाकूवाल्याच्या पुढ्यात ते उकिडवे बसायचे, चाकू उजव्या कानाशी न्यायचे, डोळे मिटायचे आणि पातं सावकाश उघडून मिटवायचे. 'कट्' असा आवाज झाला की थोडा वेळ तसेच राहायचे, जणू तिकडून आणखी काही उत्तर यायचं आहे. मग डोळे उघडून म्हणायचे, "बोलते तर चांगला. पन मनातून नाई बोलून राह्यला." आणि चाकू परत पोत्यावर ठेवून द्यायचे.

मी तेव्हा किन्हीराजाला पोस्टमास्तर होतो. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. पोस्ट म्हणजे पुढं एक ओटा, त्यामागं एक खोली आणि त्या खोलीमागं आमचं बिऱ्हाड. बिऱ्हाडात मी आणि माझी बायको अनसूया. नोकरी नवी होती, लग्न त्याहून नवं. गावात आमचं कोणी नव्हतं. उकंडकाकांचं घर आमच्यापासून चौथं. साठीचा माणूस, उंच, वाळका, गुडघ्याइतकं धोतर, अंगात मांजरपाटाची बंडी. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती मुलगी रिठदला दिलेली. तिच्या घरी माणसं पुष्कळ, त्यामुळं ती वर्षातून एखाद्या वेळीच यायची. शेत भाच्याकडं बटईनं, अर्ध्या वाट्यानं, होतं. काकांना हातानं काम करायची सवय, आणि काम मात्र कोणी ठेवलेलं नव्हतं.

त्यांच्याकडं आधी एक घडीचा चाकू होता. बावीस वर्षं तो त्यांच्या बंडीच्या खिशात राहिला. त्या चाकूनं त्यांनी काय नाही केलं. अंबाडीचे दोर कापले, सरकीच्या पोत्यांची तोंडं उसवली, बैलाच्या खुरात रुतलेले खडे काढले, स्वतःच्या टाचेतले बाभळीचे काटे काढले, तंबाखू कातरली आणि मधल्या वेळात पेरू कापून खाल्ले. हे सगळं एकाच पात्यानं, मध्ये फक्त धोतराच्या सोग्याला पुसून. धार लावून लावून पातं कण्हेरीच्या पानाएवढं उरलं होतं. पोळ्यानंतर एकदा गाडीच्या चाकाची अडकलेली खीळ उचकटायला त्यांनी तोच चाकू घातला आणि पातं मुळाशी मोडलं. काकांनी दोन्ही तुकडे ओट्यावर ठेवले आणि दोन दिवस कोणाशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्याकडं आले.

"बाबू, माही चूक हाये," ते म्हणाले. "म्हाताऱ्याले असं काम सांगा लागते काय?"

म्हातारा म्हणजे चाकू, हे समजायला मला थोडा वेळ लागला.

"आता नवीन घ्या एखादा," मी म्हणालो.

"घ्याच लागन. पन रोजच्या मारले टिकला पाह्यजे. पेटीत ठेवाचा चक्कू कोनी बी बनवते."

'रोजचा मार' हा त्यांचा शब्द. माणूस असो, बैल असो, जोडा असो, काका त्याला याच एका मापानं मोजायचे. पाटलांचा जावई त्यांना पसंत नव्हता, का, तर "दिसाले साजरा हाये, पन रोजच्या मारले नाई टिकाचा." मी पहिल्यांदा गावात आलो तेव्हा माझ्याबद्दलही त्यांनी हेच म्हटलं होतं, असं मला नंतर कळलं.

त्या दिवसापासून चाकूचा शोध सुरू झाला. शेलूबाजारच्या आठवडी बाजारात मंगरूळचे यासीनभाई लिंबाच्या झाडाखाली पोतं अंथरून बसत. त्यावर विळे, अडकित्ते, कात्र्या आणि चाकूंची एक रांग. काका दर बाजाराला शेजारच्या शामरावच्या गाडीत बसून तिथं जात आणि रिकाम्या हातानं परत येत. परत आले की माझ्या ओट्यावर बसून काय काय नाकारलं ते सांगत.

पितळेच्या मुठीचा नको, हिवाळ्यात हाताला चटका बसतो. हाडाच्या मुठीचा नको, घामानं सटकतो. शिंगाची मूठ चांगली, पण ती एकसंध पाहिजे, आत लाख भरलेली नको. पात्याची पाठ जाड हवी, कारण "पाठ बारीक असली का मानूस असो का चक्कू, जोर लावला का वाकते." पातं उघडल्यावर मुळाशी तिळाएवढंही हललेलं चालायचं नाही. दोन पात्यांचा विलायती चाकू यासीनभाईंनी मोठ्या कौतुकानं पुढं केला, तर काकांनी त्याला हातसुद्धा लावला नाही. मला म्हणाले, "दोन पाते म्हंजे एका बैलाचे दोन मालक, बाबू. ह्याले वाटते थो चारा टाकीन, त्याले वाटते हा टाकीन. बैल उपाशी."

दिवाळीनंतर एका बाजाराला मला सुट्टी होती. मी मुद्दाम त्यांच्याबरोबर गेलो, कारण ऐकलेलं खरं आहे का ते मला पाहायचं होतं. खरं त्याहून जास्त होतं. यासीनभाईंनी काकांना पाहिल्याबरोबर पोत्याचा एक कोपरा झटकून दिला. काका बसले. आधी कान झाला. मग त्यांनी डाव्या कानामागून बोट फिरवलं आणि तळहाताला चोळलं. घरून निघताना ते कानामागं गोड्या तेलाचं बोट लावून ठेवायचे. तेलाच्या हातात जो चाकू फिरत नाही तोच पावसात आणि चिखलात कामाचा, असा हिशेब. मग खिशातून लिंबू काढलं. लिंबू कापून पातं तसंच ठेवायचं आणि ते काळं पडतं का पाहायचं. जे काळं पडत नाही ते काकांच्या मते पोलादच नव्हे.

"काका," यासीनभाई म्हणाले, "लिंबू आपका, चाकू मेरा. काला हमेशा मेरा ही होता है."

"काया पडला म्हंजे चांगला, यासीनभाई."

"फिर ले लो."

"पाहू. आता हाताले ऊब हाये. पुसाच्या म्हयन्यात थंडीनं बोटं आखडल्यावर नखानं उघडते का नाई, हे थंडीतच समजन."

यासीनभाईंनी माझ्याकडं पाहिलं. "बाबूजी, इनको समझाओ. ये चाकू देख रहे हैं, दामाद नहीं."

काका मनापासून हसले. नंतर दोघांनी मिळून विडी ओढली, यासीनभाईंच्या गुडघेदुखीची चौकशी झाली, आणि आम्ही उठलो. चाकू पोत्यावरच राहिला. इतका वेळ खाऊन काही न घेणाऱ्या गिऱ्हाइकावर हा माणूस चिडत कसा नाही, याचं मला नवल वाटलं होतं.

इकडं गावात काकांचं अडू लागलं होतं. चाकूशिवाय त्यांचं पान हलत नसे, म्हणून ते लोकांकडं मागत. सकाळी डाकेची थैली आली आणि मी तिची सुतळी कापली की पाचव्या मिनिटाला ओट्यावर काका हजर.

"बाबू, चक्कू हाये का जरा?"

काम काय, तर एक पेरू. कधी एखादी काडी तासायची असे, कधी बोटाचं नख. दुपारी शामरावच्या घरी कांदा कापायला, तिसऱ्या प्रहरी सुताराच्या ओट्यावर तंबाखू कातरायला, संध्याकाळी आणखी कुठं. मी एकदा म्हणालो, "काका, घेऊन जा घरी, उद्या आणून द्या."

"नाई बावा. दुसऱ्याची वस्तू घरी कायले न्या? इथंच करतो न."

आणि तिथंच करत. पेरूच्या चार फोडी केल्या की दोन आत अनसूयेला पाठवत, एक मला देत, एक स्वतः खात. ती खाताना गावातली सगळी बातमी सांगून होई. मग खिशातून बोटाएवढा धारेचा दगड काढून, त्यावर थुंकी लावून आमच्या चाकूला धार देत आणि मगच तो परत करत. त्या काही महिन्यांत आमच्या आळीत एकही चाकू, विळी की कोयता बोथट राहिला नव्हता. ज्याच्याजवळ चाकू नाही असा माणूस खिशात धारेचा दगड घेऊन हिंडतो, यात काही विसंगत आहे हे मात्र माझ्या डोक्यात आलं नाही. पोस्टात बसून माणसाचं लक्ष फक्त पत्त्यांवर राहतं.

संक्रांत झाली. थंडी कडक होती. काकांचे आखडलेल्या बोटांचे प्रयोगही करून झाले आणि चाकू काही ठरला नाही. त्यानंतरच्या एका बाजाराला मी पुन्हा त्यांच्याबरोबर गेलो होतो. येताना ऊन कलायला लागलं होतं. शामराव गाडी हाकत होता, मी आणि काका मागं बसलो होतो. गावाच्या अलीकडं एक नाला लागतो. त्याच्या उतारावर उजव्या बैलाचा पाय गोट्यावरून सरकला आणि तो गुडघ्यांवर आला. गाडीचं सगळं वजन पुढं गेलं. बैल आडवा पडला, त्याची मान जुवाखाली पिळली गेली आणि गळ्याभोवतीचा चामड्याचा पट्टा आवळला. दुसरा बैल भेदरून पुढं ओढायला लागला, तसा तो पट्टा आणखीच रुतत गेला.

शामरावनं उडी टाकून उभ्या बैलाची वेसण धरली. "बाबू, पट्टा सोडा," तो म्हणाला. मी पडलेल्या बैलापाशी गेलो. गाठ ताणानं दगडासारखी झाली होती, नखसुद्धा शिरत नव्हतं. बैलाची जीभ बाहेर आली होती. डोळा पांढरा दिसत होता आणि घशातून घर्रघर्र आवाज येत होता. माझा चाकू पोस्टाच्या टेबलावर होता. ती जोडी शामरावनं वासरं असल्यापासून वाढवलेली. तो वेसण धरून उभा होता, आणि त्याला इकडं येता येत नव्हतं.

कोणीतरी मला खांद्याला धरून बाजूला केलं. काका होते. त्यांच्या हातात उघडा चाकू होता. त्यांनी बैलाच्या मानेवर गुडघा टेकला, पात्याची पाठ कातडीकडं आणि धार बाहेर अशी करून ते पट्ट्याखाली सरकवलं आणि एकदाच ओढलं. दुपदरी चामडं होतं. ते सुताच्या दोऱ्यासारखं तुटलं. बैलानं इतक्या मोठ्यानं श्वास घेतला की मी दचकलो. काकांनी त्याची मान मांडीवर घेतली आणि "झालं, झालं माह्या राजा," असं म्हणत गळ्यावरून हात फिरवत राहिले. थोड्या वेळानं बैल धडपडत उभा राहिला. शामरावनं त्याच्या वशिंडावर डोकं टेकलं आणि काही वेळ तो तसाच उभा होता.

मग त्याचं लक्ष काकांच्या हाताकडं गेलं. माझंही गेलं. काळ्या शिंगाची एकसंध मूठ, एक पातं, जाड पाठ. मूठ हाताच्या घामानं चांगली मुरलेली. नवा चाकू असा दिसत नाही.

"काका," शामराव म्हणाला, "हा चक्कू कोनाचा?"

काका पातं धोतराला पुसत होते. ते पुसतच राहिले. आज बाजारात घेतला असं ते सहज म्हणू शकले असते. आम्ही दोघंही विश्वास ठेवायला तयार होतो.

"माहाच हाये," ते म्हणाले.

"पन सकायी तुमी माह्या घरी चक्कू मांगाले…" शामराव बोलता बोलता थांबला. बैलाच्या गळ्यावरचा लाल वळ त्यानं बोटानं चाचपला. "बरं झालं, जवळ होता ते," एवढंच म्हणून तो तुटलेल्या पट्ट्याच्या जागी दोरखंडाचं जोतं बांधायला लागला.

बैल घाबरलेला होता म्हणून शामरावनं रिकामी गाडी हळूहळू पुढं नेली आणि मी व काका मागून पायी निघालो. नाला मागं पडल्यावर मी विचारलं.

"कधी घेतला, काका?"

"पोयानंतरच्या पयल्याच बाजारी."

"म्हणजे पाच महिने झाले. मग ते कान, तेल, लिंबू?"

"थे त्याच्या नंतरच्या चक्कूईसाठी," काका म्हणाले. "याले काईच नाई केलं. यासीनभाईनं हातात देल्ला अना समजलं. इचार करा लागलाच नाई."

मला हसू आलं. काकांनाही थोडं आलं. मग ते रस्त्याकडं पाहत बोलू लागले.

"चक्कू मोडल्यावर चार रोज मी तुमच्याकडं, शामरावकडं, सुताराकडं मांगाले येऊन राह्यलो होतो. कोनी पानी इचारे, कोनी च्या. मंग हा घेतला. घरी आलो, पेरू कापला, खाल्ला. झालं लवकर. पूरा दिवस तसाच पडून होता समोर." त्यांनी वाटेतला एक गोटा पायानं बाजूला सारला. "बिनाकामाचं कोनाच्या ओट्यावर कसं बसाव, बाबू? काई तरी मांगाले गेलं म्हंजे लोकं बस म्हंतात."

गाव आलं तसे काका आपल्या घराकडं वळले. रोज ते आधी आमच्या ओट्यावर टेकत.

दुसऱ्या दिवशी डाक आली, मी सुतळी कापली, पण काका आले नाहीत. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. शामरावच्या घरीही गेले नव्हते. तिसऱ्या दिवशी अनसूयेनं दोनदा दारात येऊन आळीकडं पाहिलं, तेव्हा मी तिला नाल्यावरची सगळी गोष्ट सांगितली. ऐकून तिला काहीच नवल वाटलं नाही.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "त्यांच्या बंडीचा खिसा फाटला होता, तो मीच शिवून दिला. चाकू काढून घ्यायला विसरले होते ते. दिवाळीच्या आधीच."

"मग मला बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? तुम्ही दिवसभर थैल्यांत डोकं घालून बसता. ते आले की घरात कोणी आल्यासारखं वाटायचं." तिनं पुन्हा दाराबाहेर पाहिलं. मग म्हणाली, "तुम्ही जा त्यांच्याकडं."

"जाऊन सांगू काय?"

"तुम्हाला खोटं बोलता येत नाही, हे खरं आहे." तिनं टेबलावरचा चाकू उचलला, मागच्या दाराशी गेली आणि दगडी पायरीच्या कडेवर त्याची धार चांगली चार-पाच वेळा घासली. चाकू माझ्या हातात दिला. "आता खरं बोला. धार गेली म्हणावं."

मी गेलो. काका ओट्यावर गुडघे पोटाशी घेऊन बसले होते. मला पाहून उठायला लागले. मी चाकू पुढं केला आणि म्हणालो, "काका, याची धार पार गेली. सुतळीसुद्धा कापत नाही. तुमच्याकडं दगड आहे म्हणून आलो."

त्यांनी चाकू घेतला. अंगठा पात्यावरून आडवा फिरवला. मग पातं उजेडाकडं धरून एक डोळा मिटून पाहिलं. मी दुसरीकडं बघत होतो.

"बाबू," ते म्हणाले, "ही धार गेली नाई. ही घालवली हाये. दगडावर घासून."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग आमच्या घराकडं. त्यांचा चेहरा एकदम वेगळा झाला, पण ते लगेच आत वळले आणि पाण्याचा तांब्या व मोठा दगड घेऊन आले. ओट्यावरची धूळ हातानं झटकून त्यांनी माझ्यासाठी घोंगडीचा तुकडा टाकला.

"बसा," ते म्हणाले. "लई खराब झाली हाये. येळ लागन."

मी बसलो. जे काम ते एरवी दोन विड्यांच्या मध्ये उरकत, त्याला त्या दिवशी सगळी दुपार लागली. अर्ध्यात शामराव कोयता घेऊन आला. तो कोयता मला चांगला धारदार दिसत होता, पण काकांनी काही न म्हणता आपल्या बाजूला ठेवून घेतला आणि शामरावलाही बसायला सांगितलं.

पुढं अडीच वर्षांनी माझी बदली झाली. नवे पोस्टमास्तर बिऱ्हाड पाहायला आले, तेव्हा मागच्या दाराच्या पायरीला बोटभर लांबीची एक खाच पडलेली त्यांना दिसली. दगडाला हे कशानं झालं, असं त्यांनी विचारलं. अनसूया म्हणाली, चाकूनं. मग ती त्यांच्या बायकोला हाताला धरून ओट्यावर घेऊन गेली आणि तिनं चौथं घर दाखवलं.